दुसरं कुलूप

ताप मला तीनच दिवस होता, आणि तोही असा की चारचौघांत सांगायची लाज वाटावी. शंभराच्या जरा वर. घसा खवखवला, अंग मोडून आलं, दोन दिवस पडून राहिलो, तिसऱ्या दिवशी उठून दाढी केली. तोच ताप आधी बायकोला येऊन गेला होता. ती लॉन्ड्रीच्या काउंटरवर काम करते. तिने एक दिवस रजा काढली आणि दुसऱ्या दिवशी नाकाला रुमाल लावून कामावर गेली. लेकीला आला तो तर आम्हाला कळलाही नाही. एका दुपारी झोपली आणि उठून खायला मागितलं. म्हणजे आला तिघांना आणि वैर धरलं ते माझ्याशी.

ताप उतरला, पण मी काही पूर्वीसारखा झालो नाही. काय होतंय ते मला नेमकं सांगता येईना. आमच्या धंद्यात असं चालत नाही. "लिफ्टला काहीतरी होतंय" असा फोन आला की मी नेहमी फटकारतो, काहीतरी म्हणजे काय? आवाज येतो? धक्का बसतो? कितव्या मजल्यावर? नीट सांगा. आता कुणी मला विचारलं, काय होतंय, की माझ्या तोंडून तेच निघायचं. काहीतरी होतंय.

हो, मी लिफ्ट दुरुस्त करतो. सव्वीस वर्षं झाली. लोक म्हणतात, तुमची मजा आहे बुवा, दिवसभर वर-खाली फिरायचं. अहो, आम्हाला बोलावतात तेव्हा लिफ्ट बंद असते! या शहरात सगळ्यांत जास्त जिने कोण चढत असेल तर आम्ही. यंत्राची खोली गच्चीवर, लिफ्टचा खड्डा तळाला, आणि काम दोन्हीकडे. हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून आठ-आठ मजले मी शिट्टी वाजवत चढायचो. तापानंतर पहिल्यांदा कामावर गेलो त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर शिट्टी बंद पडली. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर छाती अशी धडधडायला लागली की मी कठडा धरून उभा राहिलो. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पायांतलं बळच गेलं.

त्या वळणावर एक लाकडी खुर्ची आहे. सहाव्या मजल्यावर शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात, त्यांनी ती ठेवलेली. लिफ्ट बंद असली की तिथे बसून दम खातात. या खुर्चीवरून माझी त्यांच्याशी जुनी खडाजंगी होती. पिशवी दर वेळी तिला अडकायची. एकदा मी चिडून म्हणालो होतो, "बाई, जिन्यात सामान ठेवू नये अशी पाटी आहे खाली. वाचली नाही का?" त्या म्हणाल्या, "वाचली की. अक्षर माझंच आहे." त्या दिवशी मी त्या खुर्चीवर बसलो आणि वरून कुणाची पावलं वाजली तेव्हा वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. माझ्या बुटांना नाडी नाही.

वाटलं, जाईल आठवड्यात. आठवड्याचा महिना झाला. मग दमाबरोबर दुसरंही सुरू झालं. स्वयंपाकघरात जाऊन मी हातात झाकण घेऊन उभा राहायचो आणि ते कशाचं ते कळायचं नाही. लेक ताटात चमचा वाजवायची, तो आवाज थेट डोक्यात घुसायचा. एकदा मी तिच्यावर असा ओरडलो की तिने चमचा हळूच खाली ठेवला आणि हाताने जेवली. तेव्हापासून ती माझ्यासमोर हातानेच जेवते. एकदा चपलांच्या दुकानात, माप द्यायला पाय पुढे केलेला असताना, मला रडू आलं. कारण काही नाही. दुकानदार बिचारा म्हणाला, घट्ट होतेय का? मी म्हणालो, हो, घट्ट होतेय.

डॉक्टरांकडे गेलो. भला माणूस. त्याने रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, हृदयाची पट्टी काढली. सगळं नॉर्मल. कागद माझ्यापुढे सरकवत तो हसून म्हणाला, "अभिनंदन! तुम्हाला काहीही झालेलं नाही. फार मनावर घेऊ नका. जरा फिरायला जात जा." मी ते कागद घेऊन बाहेर आलो. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. एखादा आकडा जरी लाल शाईत असता तरी मी तो घरी नेऊन दाखवला असता.

घरी दाखवायला काहीच नव्हतं. बायको वाईट नाही, पण तिचा हिशेब साधा आहे. "मलाही तोच ताप होता ना हो?" ती म्हणाली. "मी गेलेच की कामावर." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही पडून राहू नका. जेवढं पडाल तेवढं पडावंसं वाटेल." मलाही आतून तेच वाटत होतं, की मी ढोंग करतोय. फक्त ढोंग करणाऱ्याला निदान ते थांबवता येत असेल.

आता टोळबद्दल सांगायला हवं. टोळ म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तीन-तीन पायऱ्या उड्या मारत चढतो म्हणून मीच ते नाव ठेवलं, आणि आता त्याची बायकोसुद्धा त्याला तेच म्हणते. नऊ वर्षांपूर्वी मी त्याला या धंद्यात आणला. सासूबाईंनी त्याचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "जावईबापू, सांभाळा." मी सांभाळलं. म्हणजे शिव्या घालून शिकवलं.

पहिली गोष्ट शिकवली ती कुलपाची. यंत्राच्या खोलीत लिफ्टचा मेन स्विच असतो. काम सुरू करण्याआधी तो खाली करायचा आणि त्याच्या कडीत आपलं स्वतःचं कुलूप घालायचं. कडीला तेवढ्यासाठीच सहा भोकं असतात. जितकी माणसं कामावर तितकी कुलपं. आपली किल्ली आपल्याच खिशात. सगळी कुलपं निघाल्याशिवाय स्विच वर होत नाही, म्हणजे कुणीतरी आत असताना दुसऱ्याने चुकून लिफ्ट चालू करायचा प्रश्नच नाही.

दुसरी गोष्ट, वॉकी-टॉकीवर एकाने सांगितलं की दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. "बरं" म्हणायचं नाही, "हो" म्हणायचं नाही. जे ऐकलं ते तोंडाने परत म्हणायचं.

तिसरी गोष्ट, खड्ड्यात उतरताना भिंतीवरचं लाल बटण दाबायचं. ते दाबलं की लिफ्ट हलत नाही. पहिल्याच वर्षी टोळ ते न दाबता उतरला. मी विचारलं तर म्हणे, "वरून बंदच आहे ना, दाजी. कुलूप पण आहे." मी त्याच्या थोबाडीत मारली. हात उचलायला नको होता, मान्य. बायको माझ्याशी आठ दिवस बोलली नाही, तिच्या भावाला मारलं म्हणून. पण मी त्याला म्हणालो, "वरचं बंद असलं तरी खालचं दाबायचं. मी स्वतः येऊन सांगितलं बंद आहे, तरी दाबायचं."

हे सगळं मी शिकवलेलं. आणि हे सगळं माझ्यामुळेच ढिलं झालं.

झालं असं. पूर्वी आम्ही चढणं वाटून घ्यायचो. एकदा तो वर, एकदा मी वर. तापानंतर मी म्हणायला लागलो, "मी वर बसतो, खालचं तू बघ." सकाळी एकदा, दर मजल्यावर थांबत, कसाबसा वर जायचो आणि काम संपेपर्यंत तिथेच. पण खड्ड्यातल्या कामात लिफ्ट चार-पाच वेळा चालू करून बघावी लागते, परत बंद करावी लागते. दर वेळी टोळने आठ मजले चढून आपलं कुलूप काढायचं, मग परत उतरायचं, मग परत चढून लावायचं. तो टोळ असला तरी माणूस आहे. तिसऱ्या आठवड्यात तो सहज म्हणाला, "दाजी, तुमचं एकच कुलूप पुरे की. तुम्ही आहात ना वर."

मी त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती. मी म्हणालो, "बघ बाबा, तुला चालत असेल तर." कारण नाही म्हटलं असतं तर अर्ध्या वेळा मला चढावं लागलं असतं, आणि मला चढता येत नाही हे त्याला कळलं असतं. ऑफिसात कळलं असतं. आमच्या ऑफिसात टेबलाशी एक काका बसतात, फक्त फोन उचलतात. ते एकेकाळी माझे गुरू होते, गुडघे गेले म्हणून खाली बसवले. येणारे-जाणारे त्यांना "काय काका, आराम!" म्हणतात आणि ते हसतात. ते हसणं बघून मी कानाला खडा लावला होता, की काहीही होवो, त्या खुर्चीत बसायचं नाही.

तो मंगळवार होता. खुर्चीवाल्या बाईंचीच इमारत. खालच्या कप्पीचा आवाज येतो अशी तक्रार होती. मी वर यंत्राच्या खोलीत जाऊन एका रिकाम्या पेटीवर बसलो. टोळ खाली.

"खड्ड्यात उतरतोय, बंद," तो वॉकी-टॉकीवर म्हणाला.

"खड्ड्यात उतरतोयस, बंद," मी म्हणालो. स्विच खाली, कुलूप, किल्ली खिशात.

अर्ध्या तासाने, "बाहेर आलो, दार लावलं, चालू."

"बाहेर आलास, दार लावलंस, चालू." मी कुलूप काढलं, लिफ्ट फिरवून बघितली. आवाज होताच. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर उभी केली. तो परत उतरला. मी परत म्हटलं, परत बंद केलं, परत कुलूप घातलं.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. त्या खोलीला एक छोटी खिडकी आहे, तिच्यातून उन्हाचा चौकोन जमिनीवर पडतो. मी त्याच्याकडे बघत होतो. तेलाचा वास येत होता. मग मी उभा होतो आणि किल्ली माझ्या हातात होती. टोळचा आवाज मला स्वच्छ आठवत होता. बाहेर आलो, दार लावलं, चालू. ते मी परत म्हटल्याचंही आठवत होतं. मी कुलूप काढलं, स्विच वर केला आणि लिफ्ट खाली घेण्याचं बटण दाबलं.

काही झालं नाही.

परत दाबलं. नाही. पॅनेलवर बघितलं तर खड्ड्याचा लाल दिवा लागलेला. म्हणजे खालचं लाल बटण दाबलेलं होतं. माझं डोकंच फिरलं. हा गाढव बाहेर आला आणि बटण सोडायला विसरला! मी वॉकी-टॉकी उचलला. चांगली सणसणीत शिवी तोंडात तयार होती. तेवढ्यात तोच बोलला.

"दाजी, अजून दहा मिनिटं. ग्रीस घालतोय."

खड्ड्यातून बोललं की आवाज घुमतो. तो घुमत होता.

मला आठवत होतं ते पहिल्या फेरीतलं होतं. तासाभरापूर्वीचं. ते माझ्या डोक्यात उचलून आणून कुणी आत्ताच्या जागी ठेवलं होतं, आणि मला फरक कळला नव्हता.

"दाजी?"

"बरं," मी म्हणालो.

"बरं काय? परत म्हणा की."

"दहा मिनिटं. ग्रीस घालतोयस."

"हां, आता कसं!"

मी स्विच खाली केला. कुलूप तिसऱ्या खेपेला लागलं. मग मी जमिनीवर बसलो, त्या उन्हाच्या चौकोनात, आणि माझ्या तोंडून कसलातरी आवाज निघत होता. दहा मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा मी त्याला तीनदा विचारलं, बाहेर आहेस ना, नक्की बाहेर आहेस ना? तो हसला. "खाली येऊन हात लावून बघा," म्हणाला.

खाली चहाच्या टपरीवर त्याने दोन चहा सांगितले. त्याच्या नखांत ग्रीस होतं. तो पेला बोटांनी फिरवत काहीतरी गंमत सांगत होता, क्रिकेटची असावी. मी त्याच्या मानेकडे, खांद्यांकडे, कानामागच्या तिळाकडे बघत होतो. हा तीळ बायकोलाही आहे, त्याच जागी.

मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. काय सांगायचं? तुला मी मारलं होतं, पण तू वाचलास? घरी न्हाणीघरात नळ सोडून मी रडलो, तोंडात टॉवेल धरून. बायकोने दार वाजवलं. "अहो, किती वेळ?" मी म्हणालो, पोट बिघडलंय. पोटाचं सांगितलं की लोक लगेच विश्वास ठेवतात. तिने लगेच साखर-मिठाचं पाणी करून आणलं.

रविवारी टोळ जेवायला आला, तीन वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन. पोरगी बापाच्या पावलांवर आपली पावलं ठेवून घरभर चालली आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, "आतोबा, बघ, मी मोठी झाले." बायको भावाला वाढत म्हणाली, "यांचं काही खरं नाही बघ हल्ली. सारखे हरवल्यासारखे असतात. कामात तरी लक्ष असतं का?"

"काहीतरीच काय, ताई," टोळ घास घेत म्हणाला. "दाजी वर असले ना, की मी खाली निर्धास्त असतो."

मी ताटावरून उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

पण कबूल करायचं सोडून मी काय केलं? शक्कल लढवली. पेनने तळहातावर लिहायला लागलो. तो खड्ड्यात गेला की "आत", बाहेर आला की ते खोडून "बाहेर". दोन दिवस छान चाललं. मला वाटलं, सुटलो, याच्या जोरावर निभावून नेईन. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका इमारतीत मी तळहात बघितला. तिथे "बाहेर" लिहिलेलं होतं. माझंच अक्षर. पण ते आत्ताचं की मघाचं, ते कळेना. मी दहा मिनिटं त्या दोन इंचांच्या अक्षरांकडे बघत उभा राहिलो, किल्ली खिशातून न काढता. मग वॉकी-टॉकीवर म्हणालो, "टोळ, काम थांबव. वर ये." तो धापा टाकत वर आला तेव्हा मी सांगितलं, डोकं दुखतंय, उद्या करू. त्याने माझी पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी परत बाईंची इमारत. कप्पी बदलायची होती, म्हणजे दिवसभर खड्ड्यात काम. टोळ दोन्ही पिशव्या घेऊन पुढे निघाला. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मी खुर्चीवर बसलो आणि या वेळी नाडी बांधली नाही.

तो चार पायऱ्या पुढे गेला होता, तो वळून आला. "बसा निवांत, दाजी. घाई कुठंय?"

"मी तुला एक सांगतो," मी म्हणालो. "मधे बोलू नकोस, नाहीतर माझं विसरायला होईल."

आणि मी सांगितलं. मंगळवार, उन्हाचा चौकोन, किल्ली, लाल दिवा, सगळं. जिन्यात आवाज घुमतो म्हणून हळू बोललो. पहिल्यांदा तो हसला, मी थट्टा करतोय असं वाटून. मग हसणं चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं.

"लिफ्ट कुठे होती?" त्याने विचारलं.

"दुसऱ्या मजल्यावर."

"आणि तुम्ही लिफ्ट खाली घ्यायचं बटण दाबलंत."

"दोनदा."

तो पायरीवर बसला. पिशव्या खांद्यावरून उतरवायच्याही राहिल्या. कुणीतरी चौथ्या मजल्यावर दार उघडून बंद केलं. मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "दाजी, ते लाल बटण मी रोज दाबत नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"कधी दाबतो, कधी राहतं. गडबडीत असलो की राहतं. वर तुम्ही असता ना." त्याने माझ्याकडे बघितलं. "त्या दिवशी दाबलं होतं. का दाबलं, काय माहीत."

इतके दिवस मी त्या बटणाच्या भरवशावर श्वास घेत होतो. मीच शिकवलं, मीच वाचवलं, अशी कुठेतरी मनाची समजूत घातली होती. तीही गेली. नऊ वर्षांपूर्वी ज्या हाताने मारलं तो हात मी मांडीखाली घेतला.

मला वाटलं, आता हा उठेल, निघून जाईल, ऑफिसात सांगेल. तसं झालं असतं तरी मी त्याला दोष दिला नसता. पण त्याने पिशव्या उतरवल्या, माझ्याकडे तोंड करून बसला आणि विचारलं, "कधीपासून होतंय?"

"तापानंतर."

"ताप जाऊन तीन महिने झाले."

"हो."

"काय होतं नेमकं?"

"काहीतरी होतं रे. सांगता येत नाही."

"काहीतरी म्हणजे काय?" तो म्हणाला. आवाज चढला होता, त्यात राग होता आणि तो लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही. "चढताना होतं? बसल्यावर होतं? कितव्या मजल्यावर सुरू होतं? नीट सांगा."

मी नीट सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर धाप, तिसऱ्यावर धडधड. दुपारी डोकं धुक्यासारखं होतं, दोन ते चार. आवाज सहन होत नाहीत. शब्द हरवतात. काम जास्त केलं की दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. रडू येतं. त्याने एकेक विचारलं, मी एकेक सांगितलं, आणि तो बिघाड ऐकताना ऐकतो तसं मान खाली घालून ऐकत होता. तो एकदाही म्हणाला नाही की रिपोर्ट तर नॉर्मल आहेत. तीन महिन्यांत माझ्या आजारावर विश्वास ठेवणारा तो पहिला माणूस, आणि त्याने विश्वास ठेवला कारण मी त्याला जवळजवळ मारलं होतं.

"ताईला सांगितलंत?" शेवटी त्याने विचारलं.

"नाही."

"मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. आज."

"आज," मी म्हणालो.

"आणि साहेबांनाही. फोनच्या खुर्चीत बसवतील तर बसवू देत." तो उठला. त्याचा चेहरा मला ओळखू येत नव्हता, इतका तो मोठा दिसत होता. त्याने हात पुढे केला. "तुमचं कुलूप द्या."

मी कुलूप दिलं.

"किल्ली."

किल्ली कुठल्या खिशात आहे ते मला आठवेना. मी शर्टाचा खिसा बघितला, पँटचा बघितला. तो तसाच हात पुढे धरून उभा राहिला. सापडली तेव्हा मी ती त्याच्या हातावर ठेवली. त्याने आपल्या पिशवीच्या तळातून स्वतःचं कुलूप काढलं. दोन-अडीच महिने पडून राहिल्याने त्याच्यावर ग्रीसचे डाग पडले होते. शर्टाच्या टोकाने त्याने ते पुसलं.

"तुम्ही वर यायचं नाही," तो म्हणाला. "इथेच बसा. मी चढेन आणि मी उतरेन. जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा."

तो गेला. तीन-तीन पायऱ्या नाही, एकेक पायरी. चौथा, पाचवा, सहावा. मी पावलं मोजत होतो. मग मोजणं चुकलं आणि मी नुसता ऐकत राहिलो. गच्चीचं लोखंडी दार वाजलं. बाईंची खुर्ची जुनी आहे, हलली की करकरते. मी न हलता बसलो. वॉकी-टॉकी मांडीवर होता.

"दाजी," त्याचा आवाज आला. "स्विच बंद केला. माझं कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात आहे."

मी बटण नुसतंच दाबून धरलं. तो थांबला होता. मी म्हटल्याशिवाय तो खाली उतरायला सुरुवात करणार नव्हता. तसंच शिकवलं होतं त्याला.

"परत म्हणा, दाजी."

"स्विच बंद केलास," मी म्हणालो. "तुझं कुलूप लावलंस. किल्ली..."

"किल्ली कुठंय?"

"किल्ली तुझ्या खिशात आहे."

"अजून एकदा," तो म्हणाला. मी अजून एकदा म्हटलं.